धोंड्याचा प्रोसेसर

आमच्या नंदोईंनी, म्हणजे माझ्या नणंदेच्या यजमानांनी, जुळते की नाही हे तपासल्याशिवाय आयुष्यात एकही वस्तू विकत घेतलेली नाही, आणि घेतलेली एकही वस्तू आजवर धड जुळलेली नाही. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला. उत्तर चुकलं तर गणितच चुकीचं छापलं असणार, अशी त्यांची ठाम समजूत आहे. आदिलाबादजवळच्या मावला गावी त्यांच्या घरात लोखंडी कपाट आणायचं ठरलं तेव्हा खिशातली टेप काढून त्यांनी दार मोजलं, उंबरा मोजला, भिंत मोजली. कपाट झोकात आत आलं. मग कळलं की पलंग आहे तोवर कपाटाचं दार उघडत नाही. आजही सदरा काढायचा तर आधी पलंग सरकवतात. चपलेसाठी मंचेरियलला गेले ते वर्तमानपत्रावर पाऊल आखून घेऊन. दुकानदार म्हणाला, पाय दाखवा. हे म्हणाले, पाय कशाला, माप आणलं आहे. आखलेला पाय डावा होता आणि उजवा पाय त्यांचा बोटभर मोठा आहे. ते कबूल न करता उजवी चप्पल टाच बाहेर ठेवून झिजवली.

आमचा आदिलाबादला फोटो स्टुडिओ आहे. नवरा लग्नं चित्रित करतो आणि मी ती कापून, जोडून, गाणी घालून देते. यंदा उन्हाळ्यात लग्नं दाटून झाली आणि माझ्या कॉम्प्युटरनं मान टाकली. नवरी मंडपात यायला निघायची ती पडद्यावर तिथंच थबकायची, आणि मी चहा करून आले तरी पाऊल उचलायची नाही. हे नंदोईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते टेप आणि चष्मा घेऊन हजर.

"वहिनी, तुमच्या मशीनमंधी चार वाढपी हायेत अन् पंगत बसली गावाची," ते म्हणाले. "आपल्याले वाढपी पाह्यजेत."

वाढपी त्यांनी इंटरनेटवर शोधले. मोठमोठ्या कंपन्या आपले सर्व्हर मोडीत काढतात, त्यातले प्रोसेसर हैदराबादचा एक दुकानदार भरघोस सवलतीत विकत होता. काडेपेटीहून जरासा मोठा चौकोनी तुकडा, पण आत वाढप्यांची फौज. दुसरा कोणी असता तर मागवून मोकळा झाला असता. नंदोईंनी पंधरवडा तपासण्यात घालवला. आमच्या मशीनचा डबा उघडून मदरबोर्डचं नाव उतरवलं. तो बोर्ड हा प्रोसेसर ओळखेल का, हे कंपनीच्या यादीत पाहिलं. यादीवर विश्वास नाही म्हणून दुसऱ्या यादीत पाहिलं. त्याला वीज किती लागते, मेमरी कोणती चालते, खोबणीतल्या पिना आणि प्रोसेसरच्या पाठीवरचे सोनेरी ठिपके सारखे आहेत का, सगळं झालं. अल्बम न्यायला आलेल्या नेरडीगोंड्याच्या एका गृहस्थांनाही त्यांनी बसवून भिंगातून फोटोतले ठिपके दाखवले. बिचारे नवऱ्यामुलाचे वडील होते, दाखवाल ते बघत होते. हैदराबादच्या दुकानदाराला तर रोज फोन. शेवटी तो वैतागून म्हणाला, "चचा, लग जाता बोला ना मैं. प्रोसेसर ले रै कि बेटी दे रै?"

मुलीच्या बाबतीत मात्र त्यांनी एवढं पाहिलंच नव्हतं. माझ्या नणंदेला त्यांनी एका लग्नात पंगतीत वाढताना बघितलं आणि त्याच संध्याकाळी होकार कळवला. पत्रिका नंतर बघितल्या, त्याही घरच्यांनी. ती उधळी, मोठ्यांदा हसणारी, वस्तू जागेवर न ठेवणारी. टेप दर आठवड्याला हरवायची ती तिच्यामुळेच. नणंदबाईंना जाऊन तीन वर्षं होत आली. आता टेप हरवत नाही.

पार्सल आलं ते नेमकं धोंड्याच्या महिन्यात. अधिक महिन्यात आमच्याकडे लेकजावयाला जेवायला बोलावतात, दोघांना लक्ष्मीनारायण म्हणून पाटावर बसवतात आणि अनारसे, बत्तासे असं जाळीदार काहीतरी वाण देतात. नणंद गेल्यावरचा हा पहिलाच धोंडा. सासूबाईंनी बोलावणं धाडलं होतं आणि नंदोईंनी ते माझ्याजवळ हळूच परत केलं होतं. "धोंडा जोड्याचा असते, वहिनी. एकट्याचं त्याच्यात जुळत नाई." मी ते जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगायची मला सवय नाही. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. लेक गेली होतीच, आता जावईही गेला, असं त्यांनी मनात धरलं.

आणि दोनच दिवसांनी जावई पार्सल छातीशी धरून दारात उभे. प्रोसेसर, आणि तो थंड ठेवायला वीतभर उंचीचा जाळीचा मनोरा, वर पंखा. आदिलाबादचं ऊन त्या कंपनीनं पाहिलं नसणार, म्हणून मनोरा त्यांनी सर्वांत मोठा निवडला होता. ही आपली भेट, म्हणाले. सासूबाई पलंगावरून उठल्या नाहीत.

"जावयाचं घेत नाईत. धोंड्यात तर नाईच नाई."

"मामी, वस्तू जुळते. मी सारं पाह्यलं."

"तुमची वस्तू आमच्या घरात चालावी वाटत असल तर गुरुवारी जेवाले या. वाण घ्या. मंग आमी बी घेऊ."

नंदोईंनी टेप काढली, खोक्याची लांबी मोजली, टेप परत खिशात घातली. ती लांबी त्यांना पाठ होती. मग त्यांनी विचारलं, "एकट्याचं चालते काय, मामी?"

"मी पाह्यलं," सासूबाई म्हणाल्या. "चालते."

कुठं पाहिलं, कोणत्या पंचांगात, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांना वाचायला दिसत नाही.

गुरुवारी पाट मात्र दोन मांडले. एकावर नंदोई आणि दुसऱ्यावर प्लास्टिकच्या डबीतला प्रोसेसर. मी काही बोलणार तोच सासूबाईंनी डबी उघडली, प्रोसेसर पालथा करून सोनेरी ठिपक्यांची बाजू वर केली आणि बोटभर हळदकुंकू त्यावर दाबून लावलं. लावायचं तर सोन्याला लावायचं, लोखंडी बाजूला काऊन, असा त्यांचा हिशेब. पार्सल उघडल्यापासून ज्या ठिपक्यांवर मला श्वास टाकू दिला नव्हता, ते लालपिवळे झाले. मी नंदोईंकडे बघितलं. ते पानाकडे बघत होते. म्हणाले, "वहिनी, वरण वाढा."

मग वाणाचं ताट आलं. अनारसे होते, आणि अनारशांच्या मधोमध तो जाळीचा मनोरा. "याच्यापरीस जाळीदार काय असल," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे प्रोसेसर आमचा आणि मनोरा जावयाचा. वाटणी झाली.

जेवण झाल्यावर नंदोईंनी मेडिकलमधून स्पिरिट आणलं आणि कापसानं एकेक ठिपका पुसत दुपार घालवली. मशीन चालू झालं. नवरी तरातरा मंडपात पोचली, हार घालून मोकळी झाली. आणि मग डब्याला झाकण लावायला गेलो तर मनोरा दोन बोटं वर. सगळं तपासलं होतं, एवढी उंची सोडून. त्यांनी टेप काढून आधी मनोरा मोजला, मग डबा मोजला. कंपनीनं डबाच आखूड केला, असा निकाल दिला.

तेव्हापासून झाकण भिंतीला टेकून उभं आहे. उघड्या डब्यात धूळ जाते, आणि वाण तर जावयाचं, त्यामुळे मावल्याहून रोज संध्याकाळी नंदोई ब्रश घेऊन येतात. मनोरा झाडतात, सासूबाईंजवळ बसून चहा घेतात, निघताना झाकण नव्यानं मोजतात. आता नागपूरहून मोठा डबा मागवायचा विचार आहे, आणि तो टेबलाला जुळतो का हे तपासणं चालू आहे.

आमच्या स्टुडिओसमोरच पत्रेवाल्याचं दुकान आहे. झाकणाला मनोऱ्याएवढं भोक पाडायला त्याला दहा मिनिटं लागतील. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.