मेहुण्यांची कवळी

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे मिरची. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. दुसऱ्याचं तिला वाईट वाटत नसे. त्या नावामुळेच लोक वेळेवर कामाला लागतात, असं ती नवऱ्याला सांगायची.

दातांच्या दवाखान्यांतून हिरड्यांची मापं यायची, त्यांचे प्लास्टरचे साचे व्हायचे, आणि साच्यावर मेणात एकेक दात बसवायचं काम ताईचं. वरची दाढ खालच्या दाढेवर नेमकी टेकली पाहिजे. केसभर चुकलं तरी चावणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

मालकांच्या बायकोच्या भावाचं दुकान बुडालं तेव्हा मालकांनी त्यांना आणून ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. चाळिशी उलटलेले, सभ्य, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. लॅबभर ते मेहुणेच झाले. "यांना तयार करा," एवढं बोलून मालक केबिनमध्ये गेले. ताईचं रोजचं काम मात्र तसूभरही कमी झालं नाही.

मेहुणे मेण इतकं तापवायचे की दात त्यात पोहायला लागत. डावी दाढ उजवीकडे जाई. ताई समजावून सांगायची, ते मान डोलवायचे, "कळलं," म्हणायचे आणि पुन्हा तेच करायचे. त्या 'कळलं'नं तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. दात-ओठ खात ती त्यांचं सगळं उकरून काढायची आणि नव्यानं लावायची. महिनोन् महिने हेच चाललं. आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमचे मेहुणे आता तयार झाले."

ताई केबिनमध्ये गेली. "त्यांचं काम मी करतेय."

"हात बसायला वेळ लागतो, ताई."

"हात बसेल हो, दात बसत नाहीत त्याचं काय?"

मालक हसले. "मला घरी सुखानं राहायचंय. घ्या सांभाळून."

घरी येऊन तिनं भांडी आदळली. नवरा म्हणाला, "तू निस्तरतेस म्हणून त्यांचं खपतं. एकदा जाऊ दे तसंच."

तिनं जाऊ दिलं. मेहुण्यांनी लावलेली एक कवळी तिनं हातातसुद्धा घेतली नाही. ती पक्की झाली, घासली गेली, चकचकीत होऊन दवाखान्यात पोचली.

काही दिवसांनी एक आजी सुनेचा हात धरून थेट लॅबमध्ये आल्या. कवळी रुमालात होती. डॉक्टरांनी दोनदा घासून दिली, तरी हिरडीला मोठी जखम झाली होती. "पेजेवर आहेत या," सून म्हणाली. "घास तोंडात धरवत नाही."

मालक बाहेर आले. मेहुण्यांकडे न बघता, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ताई, तुम्ही असताना हे बाहेर गेलंच कसं?"

"मी बघितलं नाही म्हणून गेलं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मुद्दाम बघितलं नाही. यांना काम येत नाही हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. आपल्या दोघांच्या हट्टापायी या उपाशी राहिल्या."

मालक काही बोलणार, तेवढ्यात मेहुणे उठले. "दात मी लावलेत, आजी. मला हे काम अजून कळलेलं नाही." मग ताईकडे वळून म्हणाले, "नाही कळलं म्हटलं की तुम्ही सुस्कारा टाकता. म्हणून कळलं म्हणत होतो."

हे ऐकून ताईचा राग उतरायच्या ऐवजी आणखी भडकला, कारण ते खरं होतं. आधी तिनं आजींना खुर्ची दिली आणि नवं माप घ्यायला डॉक्टरांना फोन केला. त्यांना रवाना केल्यावर ती मालकांसमोर उभी राहिली. "उद्यापासून हे फक्त खालच्या दाढा लावतील, त्याही जुन्या साच्यांवर. त्यातली एकही बाहेर जाणार नाही. मी शिकवीन तेव्हा माझं काम दुसरं कुणी करेल. नाहीतर माझी खुर्चीसुद्धा मेहुण्यांना द्या."

मालक कुरकुरले, पण दुसरा कारागीर मिळणं सोपं नव्हतं. त्यांनी मान्य केलं.

आजींची नवी कवळी ताईनं स्वतः लावली आणि दवाखान्यात स्वतः नेली. मेहुणेही न बोलावता सोबत आले. आजींनी कवळी घातली, बराच वेळ जबडा हलवून पाहिला. "ही ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण तेवढे दिवस मला कोण परत देणार?"

मेहुणे आता खालच्या दाढा बऱ्या लावतात; पुढच्या दातांना ताई त्यांना हात लावू देत नाही. त्या दोघांची रोज वादावादी होते, कधी कधी मेण कोरायची सुरीही आपटली जाते. मालकांशी मात्र ती कामापुरतंच बोलते. त्यांनी आजींची एका शब्दानंही माफी मागितली नव्हती, आणि ते ती विसरायला तयार नाही.