एका दिवसाचा गोठा

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आयुष्यात एकदाच श्रीमंत झाले. सकाळी न्याहारीच्या वेळेला झाले आणि दिवेलागणीपर्यंत पुन्हा होते तिथं आले. अडचण एवढीच, की नेमक्या त्याच दिवशी त्यांना गरीब असण्याची अतोनात गरज होती.

त्याचं असं झालं. निजामी जाऊन काही वर्षं लोटली होती, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली होती आणि मी सेलूच्या शाळेतून मॅट्रिक पास झालो होतो. नुसता पास नव्हे, शाळेत पहिला! (परीक्षेला किती जण बसलो होतो, हे विचारू नये. पहिला तो पहिला.) हेडमास्तर म्हणाले, हा पोरगा पुण्याला गेला पाहिजे. पुण्यात एक नामांकित खाजगी कॉलेज होतं. तिथं मुलं धान्यासारखी निवडून घेत, फी छाती दडपेल अशी घेत आणि दरसाल एखाद्या हुशार व गरीब मुलाला मात्र फी, खोली, जेवण सगळं माफ करत. त्याला ते गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणत. दादांच्या जिभेवर अजून जुन्या अमलाचाच शब्द होता, वजीफा.

आमच्या गावी, वालूरला, आमची बारा एकर कोरडवाहू जमीन होती आणि एक बैल. एक म्हणजे एकच. पेरणीला दुसरा बैल शेजारचे किसनकाका द्यायचे, तेव्हा कुठं आमचं औत चालायचं. त्यामुळं माझा हिशेब सोपा होता. वजीफा मिळाला तर पुणं, नाही मिळाला तर त्या एका बैलाच्या जोडीला मी.

अर्ज गेला. माझे गुण कॉलेजला पसंत पडले. पण मागं म्हणे काही बागायतदारांची पोरं गरीब म्हणून आत शिरली होती, तेव्हापासून कॉलेजनं मुलाची घरची परिस्थिती डोळ्यांनी पाहायचा नियम केला होता. त्यांचे एक प्रोफेसर आमच्याकडे येणार होते. हेडमास्तरांनी दादांना बोलावून नीट समजावलं, की घर जसं आहे तसं दाखवा, वेगळं काही करायला जाऊ नका.

दादांना हे मुळीच पटलं नाही. त्यांची उमर निजामाच्या कचेऱ्यांत दरखास्ती देण्यात गेली होती.

"आहे तसं दाखवून कुठं काय मिळत असतं व्हय?" ते मला म्हणाले. "हाकिमासमोर जाताना माणसानं आहे त्याच्याहून निम्मं दिसावं."

झालं, आमचं घर निम्मं करायला सुरुवात झाली. आजीच्या वेळचा तांब्याचा हंडा, चार पितळी ताटं आणि आमचा एकुलता एक बैल अशी सगळी दौलत किसनकाकांकडे रवाना झाली. दादांनी फेटा पेटीत घातला आणि फाटकं धोतर बाहेर काढलं. ते पुरेसं फाटकं नव्हतं म्हणून गुडघ्यावर आणखी थोडं फाडलं. जमीन सारवू नको, पोपडे दिसू दे, असं ते मायला म्हणाले, तेव्हा मात्र माय कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"गरीब हाव आपण," ती म्हणाली, "गबाळे न्हाई."

आणि तिनं घर अंगणापासून परसापर्यंत लख्ख सारवून काढलं.

दादांनी आम्हाला एक सक्त ताकीद दिली होती. वजीफ्याचं गावात चकार शब्द बोलायचं नाही. पोराच्या शिक्षणासाठी माणिकराव खैरात मागायलाय, असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी अन्न सोडलं असतं. म्हणून किसनकाकांनाही त्यांनी एवढंच सांगितलं, की घर सारवायचंय, सामानाची अडचण होते. किसनकाका मिशीतल्या मिशीत हसले. ऐन जेठात माणिकदादाचं घर सारवलं जातंय आणि पोरगं नुकतंच मॅट्रिक झालंय, म्हणजे काय ते न कळण्याइतके ते दूधखुळे नव्हते.

इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. एखाद्या घरी मुलगा पाहायला सोयरे येणार असले, की सगळं गाव त्या घराच्या मागं उभं राहायचं. ज्याच्याकडे जे चांगलं असेल ते मागच्या दारानं त्या घरात जायचं. कुणाची समई, कुणाची घोंगडी, कुणाचं तूप. आणि गोठा रिकामा दिसू नये म्हणून गावातले बैल तिथं बांधले जायचे. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. किसनकाकांची लाल कंधारी जोडी तर या कामात इतकी मुरली होती, की अर्ध्या गावाची लग्नं तिनंच जमवली होती. दोन्ही बैल कुणाच्याही गोठ्यात आपलंच घर असल्यासारखे रवंथ करत बसायचे. यात कुणाला कुणाला फसवल्यासारखं वाटत नसे, कारण मुलीकडचेही आपल्या गावी हेच करत.

प्रोफेसर आले ते सेलूला आगगाडीतून उतरून, भाड्याच्या बैलगाडीनं. लांब कोट, काळी टोपी, हातात छत्री. वेशीजवळच्या लिंबाखाली गाडी थांबवून त्यांनी तिथं बसलेल्या माणसांना विचारलं, माणिकरावांचं घर कुठं? मुलगा वळणाचा कसा आहे? काही व्यसन वगैरे? शेती किती, भावंडं किती? आता लग्नसराईत कोट घातलेला परका माणूस हे प्रश्न विचारतो म्हटल्यावर तो कोण असणार, हे वालुरात शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं! आणि लिंबाखाली नेमके किसनकाका बसलेले.

काकांनी एकाला डोळ्यानं खूण केली. तो मागच्या गल्लीनं बैल गोळा करायला पळाला. त्याला वेळ मिळावा म्हणून स्वतः काकांनी प्रोफेसरांना सरळ आमच्या घरी न आणता गावाला वळसा घालून आणलं. वाटेत मोटेची बारमाही विहीर लागली. ती आमची निघाली. पलीकडं केळीचा मळा होता, तोही आमचाच निघाला. गावठाणाच्या कडेनं दिसेल ते शिवार काकांनी दादांच्या नावावर चढवलं. मारुतीचं देऊळ तेवढं देवाकडं राहू दिलं.

इकडं आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दादा उघड्या डोक्यानं, फाटकं धोतर नेसून ओसरीत बसले होते आणि चेहरा पाडायचा सराव करत होते. मी शेजारी. तेवढ्यात मागून बैल हंबरला. आमचा बैल तर किसनकाकांकडे होता. मी परसात जाऊन पाहतो तो गोठ्यात मुंगी शिरायला जागा नाही! लाल कंधारी जोडी मानाच्या जागी, तिच्या मागं आणखी तीन जोड्या, कोपऱ्यात दुभती म्हैस आणि या सगळ्यांत अंग चोरून उभा असलेला आमचा स्वतःचा बैल. स्वयंपाकघरात शेजारच्या बायांची रांग लागली होती. दादांनी लपवलेला हंडा परत आला होता, आणि तो एकटा आला नव्हता, आणखी तीन हंडे घेऊन आला होता. माय मधोमध उभी होती आणि तिच्या हातात कुणीतरी चांदीचा तांब्या दिला होता.

दादांना सांगावं म्हणून मी ओसरीकडे धावलो, तर दारात किसनकाका आणि प्रोफेसर.

"या साहेब," दादा हात जोडून म्हणाले. आवाज त्यांनी पहाटेपासून कमावलेला होता. "लय गरीब हाव आमी."

त्याच क्षणी मागं चार-दोन बैलांच्या घुंगुरमाळा वाजल्या. प्रोफेसरांनी वाकून परसात पाहिलं. मग दादांच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"त्यांचा सोभावच तसा हाय, पाव्हणं," काका हसत म्हणाले. "इतकं असून मिरवत न्हाईत."

प्रोफेसर पाटावर बसले. शेजारणींनी आणलेल्या तुपात बुडवलेली पुरणपोळी चांदीच्या तांब्यासह त्यांच्यापुढं आली. दादा म्हणत होते की आमच्या घरी सणाला सुद्धा पुरण होत नाही, आणि आतून माझी माय (सवयच ती! पाहुणा म्हटला की तिला राहवत नाही) आणखी एक पोळी वाढायला सांगत होती. प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रात्रंदिवस भूमितीची प्रमेयं घोकली होती, इंग्रजी कविता पाठ केल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, की बाळ, तुला पुढं शिकायची इच्छा आहे ना?

मी तोंड उघडण्याआधी किसनकाकांनी माझी बाजू घेतली.

"शिकायची काय गरज हाय, पाव्हणं? बसून खाईल इतकं हाय. पोरगीला पाण्याला सुद्धा जावं लागणार न्हाई."

कोणती पोरगी, ते प्रोफेसरांना कळलं नाही. दादांना मात्र कळलं, आणि त्यांचा चेहरा सराव न करताच पडला. त्यांनी काकांना दंडाला धरून अंगणात नेलं आणि इतके दिवस लपवलेली वजीफ्याची गोष्ट त्यांच्या कानात सांगितली. काकांचे डोळे भरून आले. "माझ्यापासून लपवलंस व्हय रे," एवढंच ते म्हणाले. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली.

पण काका हार मानणाऱ्यातले नव्हते. आत येऊन त्यांनी प्रोफेसरांचे पाय धरले आणि सांगितलं, की विहीर यांची नाही, मळा यांचा नाही, बैल तर मुळीच यांचे नाहीत, मी खोटं बोललो. प्रोफेसर शांतपणे ऐकत होते. असं बोलणारे लोक त्यांनी याआधीही पाहिले असावेत.

"मग दाखवतोच," दादा हातघाईवर येऊन म्हणाले. ते परसात गेले आणि त्यांनी हाक दिली, "सोडा रे बैल! ज्याचे त्यानं न्या!"

भिंतीपलीकडं कान देऊन बसलेले बैलवाले पटापट आत आले आणि मुकाट्यानं बैल सोडून चालू लागले. बाया हंडे उचलून गेल्या. बघता बघता गोठा आणि घर रिकामं झालं. दादांनी विजयी मुद्रेनं प्रोफेसरांकडे पाहिलं. आता तरी पटलं असेल!

प्रोफेसरांना पटलं होतं. जाताना गाडीत चढता चढता ते मला हळूच म्हणाले, "वडिलांचा गावावर चांगलाच वचक आहे. एका हाकेसरशी किती सालगडी धावले!"

वजीफा गेला. वेचलेल्या मुलांत माझी जागा होती, पण पूर्ण फीची. माझ्या गुणांबद्दल कॉलेजची काहीच तक्रार नव्हती, हे हेडमास्तरांनी मला मुद्दाम सांगितलं. सांगताना त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली ती सेलूच्याच एका जिनिंगवाल्या शेटजींच्या मुलाला. प्रोफेसर पाहणीला गेले तेव्हा शेटजी आपल्या मुनिमाच्या एका खोलीत, चटईवर बसून चुरमुरे खात होते म्हणे. मुलगा परीक्षेत माझ्यापेक्षा बराच खाली होता, पण बापांच्या परीक्षेत त्याचा बाप पहिला आला.

मी तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी किसनकाका आले आणि ओसरीत माझ्यासमोर बसले. औरंगाबादेत त्यांचे मेव्हणे राहत होते. तिथल्या कॉलेजची फी हलकी होती. खायची-राहायची सोय मेव्हण्यांकडे झाली, आणि मी शिकून येईपर्यंत आमच्या पेरणीला त्यांची लाल कंधारी जोडी आधी येत गेली, मग त्यांच्या स्वतःच्या रानात गेली. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दादांनीही कधी आभार मानले नाहीत. तशी आमच्याकडे रीतच नव्हती.

पुढं मी स्वतः एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागलो. तिथंही हुशार, गरीब मुलांना शिष्यवृत्ती होती, आणि घरं पाहायला जायला एक माणूस लागायचाच. मी आपणहून पुढं झालो. म्हटलं, या कामातलं माझ्याइतकं कुणाला कळणार? पहिल्याच वर्षी एका खेड्यात गेलो. बाप फाटक्या धोतरात हात जोडून उभा, आणि मागं गोठा बैलांनी भरलेला. गावातले चार जण सांगू लागले, की साहेब, हा फार मोठा बागायतदार आहे, याच्या बोलण्यावर जाऊ नका. मी मनातल्या मनात हसलो. कुणाला शिकवता! त्या बापाच्या खांद्यावर हात ठेवला, माझेही डोळे पाणावले, आणि परत येऊन एका दमात शिष्यवृत्ती मंजूर करवून घेतली.

बैल त्याचेच होते.