मटारच्या पिशवीमागची पेनं

वर्षालीला अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार. जेवायच्या आधी इन्सुलिनचं पेन पोटाला लावायचं, आकडा फिरवायचा, बटण दाबायचं. अठरा वर्षांत तिला त्याचं दात घासण्यापेक्षा जास्त काही वाटेनासं झालं होतं. वाटायचं ते तिच्या सासूला. सुमनताई लातूरकडच्या, चिखलीत येऊन वीस वर्षं झाली तरी अब्रू उशाखाली घेऊन झोपणाऱ्या. सुनेनं सुई टोचून घेतल्यानं कुणाची अब्रू कशी जाते, ते एक देवाला ठाऊक आणि एक सुमनताईंना.

"मोठ्या घरच्या सुनांना पंप असतोय म्हणं कमरेला. पदराखाली दिसत बी न्हाई," असं त्या येताजाता ऐकवायच्या. अंगावरच राहून आपोआप इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाचा त्यांना कळलेला गुण एवढाच, की तो झाकता येतो. वर्षालीनं डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "पंपवालीचं मूल चांगलं आणि पेनवालीचं वाईट, असं नसतं गं. तुला पेन झेपतंय ना? मग साखर आवाक्यात ठेव."

पहिल्या गरोदरपणात साखरच आवाक्यात राहिली नव्हती. चौथा महिना, गौरी-गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि साखर चढलेली. औषध घ्यावं तरी चढायची. महिनाअखेरीला मूल गेलं. "चोरून मोदक हाणले असतील," असा निकाल सुमनताईंनी लावला. नवरा, निरंजन, मुंडी खाली घालून बसला. त्याला तेवढं उत्तम जमतं. आणि महाळुंग्याच्या कंपनीत माल तपासताना एका ओरखड्यासाठी पेटीच्या पेटी परत पाठवणाऱ्या वर्षालीनं तो निकाल मुकाट मान्य केला. एक मोदक तिनं खरंच खाल्ला होता. त्या एका मोदकापायी तीन वर्षं ती स्वतःला खात होती.

आता सातवा महिना होता. कंपनीला गुरुवारची सुट्टी, म्हणून डोहाळजेवण गुरुवारी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, झाकलेल्या दोन वाट्या. वर्षालीनं वाटी उचलली, बर्फी निघाली. "मुलगीच!" बायका ओरडल्या, आणि सुमनताईंचं तोंड पडलं. वर्षालीनं बर्फीचा नखाएवढा तुकडा तोंडात टाकला, भाकरी-भाजी खाल्ली. इन्सुलिन आधीच घेतलं होतं, सकाळीच फ्रीजच्या दारातून काढलेल्या नव्या पेनातून.

तीन तासांनी बोट टोचलं, तर तीनशे दहा. डॉक्टरीणबाईंना फोन करून वाढीव मात्रा घेतली. तासाभरानं तीनशे चाळीस.

"श्रीखंडाच्या पातेल्याला बोट लागलंय, मी बघितलंय," सुमनताईंनी भर बायकांत जाहीर केलं. बायका 'अगंबाई' म्हणाल्या आणि आपापल्या वाटीतलं श्रीखंड चाटत राहिल्या. वर्षालीचा हात पोटावर गेला. पोर सकाळपासून फारसं हललं नव्हतं. पुन्हा तेच? पुन्हा मीच?

आणि मग कंपनीत रोज दहा वेळा कानावर पडणारं वाक्य तिला आठवलं: कामगाराला शिव्या घालण्याआधी माल तपासा.

तिनं पेन उजेडात धरलं. पाण्यासारखं नितळ औषध, पण त्यात बारीक कण तरंगत होते. दुसरं पेन घ्यायला फ्रीज उघडला, तर दारातला खण रिकामा. पेनं गेली कुठं? वरचा बर्फाचा कप्पा उघडला. मटारच्या पिशवीमागे सगळी पेनं, अंगावर बर्फ चढलेली.

"आई, ही इथं कुणी ठेवली?"

"मीच. पाहुणे आले की तिथंच ठेवते, गेले की परत दारात. कालबी लाडू वळायला बायका आल्या होत्या न्हाई का? कुणी पाणी घ्यायला फ्रीज उघडला तर दिसतंय सगळं! आन् थंडच लागतंय ना त्येला?"

एकदा गोठलं की हे औषध मेलं. अकराव्या वर्षी वर्षालीला शिकवलेला पहिला धडा. सासूला तो सांगायचं तिला कधी सुचलंच नव्हतं, कारण कुणी असलं काही करील हे डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि गौरी-गणपतीत?" तिनं हळूच विचारलं.

"तवा तर आठवडाभर पाहुणे होते," सुमनताई म्हणाल्या, आणि बर्फ चढलेल्या पेनांकडे बघू लागल्या.

निरंजनला तिनं मेडिकलवर पिटाळलं. या वेळी तो धावला, एवढं त्याच्या पदरात टाकू. नवं पेन हातात येताच वर्षाली पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसली, सगळ्यांच्या मधोमध. साडीची कड सरकवली.

"बघा नीट," ती म्हणाली. "मला साखर आहे. मी सुई घेते. हे तुमच्यापासून लपवण्यापायी मागच्या खेपेला माझं लेकरू गेलं. मोदकानं नाही गेलं."

तिनं बटण दाबलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागचं मूल त्यानंच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही. नसेल येत. पण पोटावर यंत्र ठेवलं आणि आतले ठोके खोलीभर दणादण वाजले, तेव्हा वर्षाली तीन वर्षांचं रडली.

मुलगी झाली, तीन किलोची. बारशाला घर पुन्हा भरलं. कुणीतरी पाणी मागितलं, तशा सुमनताई उठल्या आणि त्यांनी फ्रीजचं दार सताड उघडलं. पेनं दारात, समोरच होती. एका बाईनं विचारलं, "हे काय हो?"

"सुनेचं औषध हाय," सुमनताई म्हणाल्या, "हात लावू नका."