गोल गळ्याची अक्षरं

शिलाई मशिनीखालच्या चिंध्या आणि शाळेतले किस्से, दोन्हींची जात एकच. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा ढीग! माझी नात अश्विनी म्हणाली, "अज्जा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." घरात आम्ही मराठी बोलतो, पण मुलूख कन्नड; ती शाळेत हिंदी शिकलीय, म्हणून तिला ही देवनागरी अक्षरं येतात. मी आपला बोलतो, सावकाश.

*

डिग्री झाल्यावर अश्विनीनं एक वर्ष सेवेला दिलं. बन्नीमंटपाजवळची सरकारी कन्नड शाळा. तिच्यासारखी सेवेला आलेली आठ पोरंपोरी, आठांना लाल टी-शर्ट, आणि एकाच्याही अंगाला बसेना! शिलाईचं दुकान मुलाकडे दिल्यापासून मी रिकामाच. म्हटलं, "आणा इकडे." आठही शर्ट मापात केले, पोचवायला शाळेत गेलो, तो वर्षभर तिथंच राहिलो.

हेडमिस्‌नी विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"शाळेच्या गेटापर्यंत."

"मग आत या की! सत्तर वर्षं बाहेर काय उभे राहिलात?"

*

माझं काम म्हणजे मुलांची तुटलेली बटणं लावायची, आणि घंटेच्या आधी एका पोराचं वाचन ऐकायचं. "नुसतं ऐकायचं हो, अज्जा," अश्विनी म्हणाली. ऐकायला काय लागतं?

चौथीतली रेणुका माझ्या वाट्याला आली. काय फडाफड वाचायची! मी मान डोलवायचो. आठवड्यानं अश्विनी मागं येऊन उभी राहिली आणि कपाळाला हात लावला. "अज्जा, ही पान उलटायचं विसरलीय, आणि वाचतेच आहे!"

ऐकून ऐकून सगळं पुस्तक पाठ! अक्षर एक येत नव्हतं. माझ्या कसं लक्षात येणार?

रेणुकानं माझ्याकडे टक लावून बघितलं. "अज्जा, तुम्हालाही येत नाही?"

"नाही ग."

तिनं आपली चटई माझ्या चटईला लावली.

*

मग ती आठ दिवस आलीच नाही. घरी गेलो, तर आई सावित्रम्मा फळीवर अगरबत्त्या वळत होती, शेजारी रेणुकाही.

"चार वर्षं झाली, एक ओळ येत नाही हिला," आई म्हणाली. "परीक्षा झाली की शाळा बंद. इथं बसली तर दोन हात वाढतात."

अश्विनी भराभरा समजवायला लागली. मी तिला थांबवलं. "अव्वा, वर्षाअखेरच्या कार्यक्रमात ही सगळ्यांसमोर वाचेल. नाही वाचलं, तर मी स्वतः हिला आणून या फळीपाशी बसवतो."

"सरी," आई म्हणाली. म्हणजे कबूल.

रस्त्यात अश्विनी उखडली. "कुणाला विचारून बोललात, अज्जा?"

"माप घेऊन झालं. आता शिवायचं."

*

अश्विनी आम्हा दोघांना शिकवायला बसली, पण कन्नड अक्षरं बघितली की मलाच घाम! रोज त्याच गोल-गोल रेघा. एक दिवस डोक्यात उजेड पडला. अरे, हे तर सगळे गळे आणि बाहीचे मुंढे! आयुष्यभर हेच कापलं! शिंप्याचा खडू घेतला, जुन्या चादरीवर अक्षरं काढली. हा गोल गळा, हा मागचा गळा, ही बाही. रेणुकाला लगेच उमगलं, आणि तिच्याकडून सगळ्या वर्गाला.

मग तपासणीला साहेब आले. फळ्यावरच्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?"

सगळा वर्ग एका सुरात, "गोल गळा!"

साहेब हेडमिस्‌कडे बघतात, हेडमिस् माझ्याकडे. तेवढ्यात रेणुका उठली. "सर, हा 'र'. याला बाही लावली की 'रा'."

साहेब जाताना आपल्याच कॉलरीला हात लावून बघत होते!

*

घरी बायको म्हणाली, "एवढं शिकताय, तर माझं नाव लिहून दाखवा."

दाखवलं.

"वाकडं आलंय."

"माप घेऊनच काढलंय!"

दोन दिवस कॉफी स्वतः करून प्यालो.

*

कार्यक्रमाच्या दिवशी सावित्रम्मा शेवटच्या रांगेत, पिशवी मांडीवर. रेणुका उभी राहिली आणि पुस्तकातलं पान वाचलं. सावकाश, अक्षराला अक्षर जोडून. टाळ्या पडल्या.

सावित्रम्मा उठली. "हिचं पाठांतर मला माहीत आहे. एकदा ऐकलं की म्हणते." पिशवीतून अगरबत्तीचं रिकामं पाकीट काढलं. "हे वाच."

रेणुकानं पाकीट फिरवलं. मोठी अक्षरं वाचली, "मल्लिगे." मोगरा. आई म्हणाली, "ते वासानंही कळतं. खालचं बारीक वाच."

रेणुका बोट ठेवून वाचत गेली. "मक्कळ... कैगे... सिगदंते... इडी."

मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सावित्रम्मा माझ्याकडे वळली. "अज्जा, तुम्ही वयस्कर, खोटं नाही सांगणार. असंच लिहिलंय?"

मी चष्मा पुसला. एक-एक गळा, एक-एक बाही. एका जोडाक्षरापाशी अडलो. रेणुका ओठ मिटून छताकडे बघत राहिली, मदत म्हणून काडीची नाही! मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटापर्यंत गेलो.

"असंच लिहिलंय, अव्वा."

तिनं पाकीट घेतलं. उलटं बघितलं, सुलटं बघितलं. चार घड्या घालून कमरेला खोचलं.

"पाचवीची शाळा कधी उघडते, अज्जा?"