निवडलेल्या झाडाचं बी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आलापल्लीच्या जंगलातल्या निवडलेल्या सागाचं म्हणून जे बी मी आणलं, ते त्या सागाचं नव्हतंच.

तेव्हा मी वनसंशोधनाच्या कामावर नवा होतो. जंगलभर फिरून सरळ, निरोगी साग हेरायचे, पिवळा पट्टा मारून त्यांना क्रमांक द्यायचा आणि त्यांच्याच बियांपासून रोपवन उभारायचं. जुना चांगला वाण टिकावा म्हणून. माझ्या वाट्याचं झाड नाल्यापलीकडे, टेकडीवर. जाऊन यायला अर्धा दिवस. मी नाल्यापर्यंत गेलो, सावलीत बसलो आणि माघारी फिरलो. रस्त्यालगतच्या वाकड्यातिकड्या सागांखाली बियांचा सडा पडला होता. तासाभरात पोतं भरलं. चिठ्ठीवर टेकडीवरच्या झाडाचा क्रमांक लिहिला. अक्षर छान काढलं होतं, तेवढं आठवतं.

त्या बियांचं रोपवन गडचिरोलीच्या वाटेवर उभं राहिलं. ते राखायला एक वनमजूर होते. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, मी त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांनी त्या झाडांना इतका जीव लावला की त्यांची बायको मला ऐकवायची, नातू केवढा झाला हे याले माहीत नाई, सागाचं माप मात्र तोंडपाठ.

सातआठ वर्षांत झाडं वाकली, खोडं दुभंगली. पाहणीला मलाच पाठवलं. बी उत्तम होतं, असं कागद सांगत होता, आणि तो कागद माझाच. मग दोष कुणाचा? मी अहवालात लिहिलं, निगा अपुरी. दोनच शब्द. भाऊंना रोपवनावरून काढलं आणि नाक्यावर आडकाठी वरखाली करायला बसवलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते.

मागच्या महिन्यात चंद्रपूरच्या बसस्टँडवर भेटले. चहा त्यांनीच सांगितला. गुडघ्यांचं बोलले, नातवाच्या नोकरीचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "साहेब, तुमी शिकलेले. म्या निंदन केलो, मातीची भर देलो, ढोरं शिरू नाई देलो. मंग ते झाडं वाकडे काऊन झाले?"

मी म्हणालो, जमीन हलकी असेल.

"मंग तसं लिहाचं होतं न," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात त्यांची बस लागली आणि ते उठले. पिशवी मी चढवून दिली. त्यावर त्यांनी मला दोनदा धन्यवाद म्हटलं.

अहवाल अजून कार्यालयातल्या कपाटात आहे. बी रस्त्याकडेचं होतं आणि निगा चोख होती, असं माझ्या सहीनं त्याला जोडायचं आहे. त्याची एक प्रत भाऊंच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकोसमोर, त्यांना वाचून दाखवायची आहे. ते जोडपत्र मी अजून लिहिलेलं नाही.