सोळा घरांचा सोंगाड्या

पडदा सरकतो. पडदा कसला, आधारच्या बायकोचं, रुक्माबाईचं जुनं लुगडं आहे ते, मधल्या दाराला दोरीवर टाकलेलं. आत नरडाण्याच्या घरातली पुढची खोली. एका बाजूला लोखंडी खाट, तिच्यावर उशांना टेकवून बसवलेला आधार. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा. समोर टीव्ही, वर बुद्धाची तसबीर. फरशीवर आलेखाचे कागद पसरून बसलेली त्याची मुलगी सपना. पलीकडून मालगाडी जाते आणि तसबीर खिळ्यावर हलकेच हलते. मी धुळ्याहून आलेली पाहुणी, दाराशी चपला काढते आहे.

आधार आणि मी तमाशाच्या एकाच फडात होतो. वगात मी राणी व्हायची, तो सोंगाड्या. फडात तो आला तो स्वयंपाक्याच्या हाताखाली, कांदे चिरायला. अमळनेरकडच्या एका जत्रेत आमचा जुना सोंगाड्या तापाने फणफणला, तेव्हा मालकांनी या पोराला धरून उभं केलं. पाठ केलेलं एकही वाक्य त्याला आलं नाही. तो नुसता उभा राहिला, लोकांकडे बघत. लोक हसायला लागले. ते थांबेपर्यंत तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "कांदा चिराना बाकी शे." त्या दिवसापासून फड मोडेपर्यंत तो आमचा सोंगाड्याच.

त्याचं सामान म्हणजे एक गमछा. कमरेला बांधला की चौकीदार, डोक्याला की पाटील, खांद्यावर टाकला की सावकार, तोंडावर ओढला की रुसलेली बायको. कपडे बदलायला वेळच नसायचा. खेळ सुरू होण्याआधी तो गर्दीच्या अगदी मागे जाऊन उकिडवा बसायचा, तिथून रिकामं व्यासपीठ बघायचा, आणि गॅसबत्त्या सांभाळणाऱ्या वनाला हाका मारून बत्ती वर-खाली करायला लावायचा. वना वैतागायचा. "हाऊ सोंगाड्या शे का वायरमन?" म्हणायचा, पण ऐकायचा.

फड मोडल्यावर आधार नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाला. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. मी भेटायला गेले की गणवेशाच्या पट्ट्याला हात लावून म्हणायचा, "अक्का, हाई सोंग लांबनं." पुढे त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं जवळपास गेलंच. एखादा शब्द यायचा तेव्हा यायचा, आणि मग दिवसच्या दिवस काही नाही.

सपना जळगावला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवसाचे, शुभेच्छांचे, श्रद्धांजलीचे बोर्ड. तिथलाच जुनैद, मेहरूण भागातला मुलगा, संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकलेला. दोघांनी मिळून एक व्हिडिओ गेम करायचं ठरवलं होतं. अगदी साधा. एक सोंगाड्या गावोगाव जातो आणि बत्तीतलं रॉकेल संपायच्या आत लोकांना हसवतो, एवढंच. सगळं चित्र लहान लहान चौकोनी ठिपक्यांचं. त्यांना पिक्सेल म्हणतात, हे मला तिनंच समजावून सांगितलं.

"चौकोनच का?" मी विचारलं.

"रविवारी रविवारी दोघांनी बसून होण्यासारखं तेवढंच आहे, अक्का." मग कागदावरची पेन्सिल न उचलता ती म्हणाली, "आणि बाबांचा तोंडाला रंग लावलेला एकही फोटो नाही. मी त्यांना एकदाच बघितलंय स्टेजवर. मामाच्या खांद्यावरून, पार मागून. चेहरा मला आठवतच नाही. चौकोनांत तेवढं चालून जातं."

"आणि झाल्यावर विकणार का?"

"नाही हो. बाबांनी एकदा बघावं, आणि हा मी आहे म्हणून ओळखावं. डॉक्टर म्हणालेत, जे करायचं ते लवकर करा."

म्हणून तिनं मला बोलावलं होतं. आता आधारला रंगात जवळून पाहिलेली मी एकटीच उरले आहे.

सोंगाड्याची उंची कागदावरची सोळा घरं, एक घर म्हणजे एक ठिपका. त्यात सगळा माणूस बसवायचा. सपनानं आधी डोक्यालाच निम्मी घरं दिली होती. नाक, मिशा, भुवया, सगळं हवं होतं तिला. मी म्हटलं, "बाळ, मागच्या माणसाला नाक दिसत नाही. त्याला चाल दिसते. तुला तरी नाक दिसलं होतं का मामाच्या खांद्यावरून?" तिनं खोडरबर घेतला. डोकं चार घरांवर आलं. एक गुडघा जरा पुढे टाकून तो उभा राहायचा, तो गुडघा दाखवायला एक घर बाहेर काढलं. तेवढ्यानं तो कागदावर उभा राहिला.

मग गमछा. बाहुली एकच ठेवायची आणि गमछा फिरवायचा, हे जुनैदला फार आवडलं. "माझं काम वाचलं, अक्का," तो म्हणाला. पण रंगावरून अडलं. एकूण रंग आठच घ्यायचे होते.

"काळा," मी म्हटलं.

"हिरवा व्हता," रुक्माबाई चुलीकडून म्हणाली. गॅस येऊन किती वर्षं झाली, तिच्या बसण्याच्या जागेला सगळे अजून चूलच म्हणतात. "धोयेल शे मी त्याले. तुम्ही राणी व्हत्यात, तुम्हले काय माहीत."

दोघी खऱ्या होतो. तिनं तो दिवसा दोरीवर वाळताना पाहिला, मी बत्तीच्या उजेडात. जुनैद म्हणाला, मागे रात्र आहे. काळा काय आणि गडद हिरवा काय, दोन्ही बुडणार. पिवळा घ्या. सपना ऐकेना. नव्हताच पिवळा तर पिवळा कसा करायचा? तेव्हा मी तिला सांगितलं की राणी म्हणून मी जे दागिने घालायची ते पुठ्ठ्यावर बेगड चिकटवलेले होते. खरं सोनं घातलं असतं तर चौथ्या रांगेतही कळलं नसतं. तिनं पिवळा घेतला.

पुढच्या वेळी ते चालतं-बोलतं करून आणलं. जुनैदनं वायर लावून टीव्हीवर दाखवलं. निळ्या रात्रीत पिवळा गमछा उठून दिसत होता. सोंगाड्या चालला, गुडघा टाकून उभा राहिला, गमछा डोक्याला गेला, कमरेला आला. आधार बघत होता. चांगलं लक्ष देऊन बघत होता. सपना त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हाऊ कोन शे?" आधारनं विचारलं.

तिनं सांगितलं नाही. सांगून ओळखणं तिला नको होतं. तिनं परत जाऊन कमरेत थोडा बाक दिला, मान तिरकी केली, पावलं आखूड केली. महिन्याभरानं पुन्हा सगळे जमलो. या वेळी आधारनं आणखी निरखून पाहिलं. ओठ हलले. आम्ही वाकलो.

"घाई करस," तो म्हणाला. "लोकेसले हासू देत नही."

जुनैद हसला. "आबांनी पडद्यावरच्या पोराला नापास केलं." पण सपना उठून मागच्या दारी गेली. दुसऱ्याच कुणा सोंगाड्याच्या खोडी काढाव्यात तसा तो बोलला होता. डोकं शाबूत होतं, नजर शाबूत होती. ओळख तेवढी नव्हती.

रुक्माबाई तिच्या मागोमाग गेली. लुगड्याच्या पडद्याआडून मला ऐकू येत होतं. "सोडी दे बाई. तू रडशी, तो बी रडी." सपना काहीतरी म्हणाली. त्यावर रुक्माबाईचा आवाज चढला. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं त्यात. "तो काय वळखी सोताले? जलमभर लोकेसकडे देखत उभा राहना. सोताकडे नही देखं, मन्हाकडे, बायकोकडे बी नही."

मी खाटेजवळ तशीच बसून राहिले. फडात आरसा होता तो तळहाताएवढा, तोही फुटका. त्यात रंग लावताना एकदा गाल दिसायचा, एकदा कपाळ. आधारनं स्वतःचा सोंगाड्या कधी पाहिलाच नव्हता. आम्ही त्याला दाखवत होतो ते मागच्या रांगेतल्या माणसाचं चित्र. सपनाचं चित्र, मामाच्या खांद्यावरून दिसलेलं. त्यानं जे आयुष्यभर पाहिलं ते बरोबर उलट्या बाजूला होतं.

सपना आत आली तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग बाबा दिसणारच नाहीत?"

"नाही. गमछ्याचं टोक दिसेल खाली. स्वतःच्या अंगावरचं त्याला तेवढंच दिसायचं."

तिनं कागदावरच्या त्या सोळा घरांच्या बाहुलीकडे पाहिलं. कितीतरी रविवार गेले होते त्यात. मग तो कागद उलटा घातला, आलेखाचा नवा कागद ओढला आणि म्हणाली, "सांगा अक्का, काय दिसायचं?"

मी सांगत गेले आणि ती घरं भरत गेली. पुढे पोरं, त्यांच्यावर उजेड, म्हणून त्यांना फिकट रंग. त्यामागे डोकी, एका माणसाला दोनच घरं, चेहरा नाही. एका अंगाला बाया, त्यांच्या पदरांचे रंग, पण एकेकच घर आणि मंद. मग अंधार. अंधारात बिड्या. बिडीला एक घर, नारिंगी. ती विझते आणि भलतीकडेच दुसरी पेटते. सगळ्यांच्या मागे झाडावर चढलेली पोरं, आणि त्याहून लांब जत्रेतल्या दुकानांच्या उजेडाची एक बारीक पट्टी.

"हसणं कसं दाखवायचं?" जुनैदनं विचारलं. "तोंडंच नाहीत."

"हसू दिसायचं नाही, सरकायचं," मी म्हटलं. "आधी पुढची डोकी एक घर वर उचलली जातात, मग त्यांच्या मागची, मग त्यांच्या. झाडापर्यंत जायला वेळ लागतो. ते झाडापर्यंत पोचेस्तोवर आधार पुढचं वाक्य टाकत नसे."

जुनैदनं मान वर केली. "म्हणजे आबा म्हणाले ना, घाई करतो, ते हे." त्यानं खेळाचा नियमच बदलला. हसू मागे पोचायच्या आत पुढच्या वाक्याचं बटण दाबलं की ते मध्येच विझतं. थांबायचं, हाच खेळ.

दोन बाजूंना दोन बांबू आणि त्यांना बत्त्या. वरच्या पट्टीत गुणांचे आकडे यायचे होते, म्हणून सपनानं बत्त्या जरा खाली घेतल्या. मला तेव्हा काही खटकलं नाही.

ते दाखवलं त्या दिवशी दुपारी कडक ऊन होतं. रुक्माबाईनं लुगडं दारावर ओढून खोलीत अंधार केला. टीव्ही लागला. निळ्याकाळ्या अंधारात डोकी, पदर, बिड्या. सपना या वेळी बापाच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

आधारची पाठ उशीपासून सुटली. डावा हात उठला आणि खांद्यावर गेला, तिथे नसलेलं काहीतरी सारखं करून परत आला. पडद्यावर पहिल्या रांगेतली डोकी उचलली गेली. तो थांबला. श्वास धरून थांबला म्हणा. हसू बायांच्या बाजूनं गेलं, बिड्यांतून गेलं, झाडाकडे गेलं. रुक्माबाई भांडं हातात घेऊन उभी होती, ती खाटेच्या कडेला टेकली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा समोर. आणि कपाळाला आठी घालून लांब, पार मागच्या रांगांकडे बघत राहिला. मग बोलला, मोठ्यानं, फडातल्या आवाजात. सपनानं तोंडावर ओढणी दाबली.

त्यानंतर तो बोलला नाही. आठवड्याभरात गेला. झोपेत गेला, रुक्माबाईचा हात धरून, असं ती सांगते. आणि ते सांगताना तिचा आवाज आता चढत नाही.

गेम सपनाच्या फोनमध्ये आहे. जुनैदनं आकडे काढून टाकले. गुण आता कुठेच दिसत नाहीत. बत्त्या वर गेल्या आहेत, अगदी पडद्याच्या कडेला, आणि उजेड झाडापर्यंत पोचतो. खाली कोपऱ्यात गमछ्याचं टोक आहे. ते तिनं पिवळ्याचं हिरवं केलं, कारण आता ते कुणाला लांबून दिसायचं नव्हतं. मी धुळ्यात माझ्या खोलीत कधी कधी ते लावून बसते. माझी बोटं थरथरतात, पण थांबायला बोटं लागत नाहीत.

त्या दुपारी त्या अंधाराकडे बघून आधार म्हणाला होता, "वना, बत्ती वर टांग. मांगला लोकेसले दिखत नही."