नर्मदाकाठची बिनपरीक्षेची शाळा

मंडळी, आज मध्य प्रदेशातल्या मनावर गावाच्या पुढे, नर्मदाकाठच्या एका लहानशा गावात आत्याकडे गेलो होतो. वीसेक वर्षांपूर्वी देवासची नोकरी सोडून ती आणि आणखी चार-पाच कुटुंबं तिथं राहायला गेली. त्यांनी रासायनिक खताशिवाय शेती केली, हातमाग लावले, परीक्षा नसलेली शाळा काढली. गावातल्या नावाड्यांनीही आपली मुलं तिथंच घातली.

आज दुपारच्या बैठकीत एका नावाड्याची मुलगी रेवा उभी राहून आत्याला म्हणाली,

"बुआजी, मेरे को नर्स बनना है. दसवीं की परीक्षा दूँगी."

आत्याचे जुने सोबती चिडलेच. एक जण माळवी ढंगात बाकीच्यांना म्हणाला, "अरे भिया, मग इतकी वर्षं आपण केलं काय?"

परीक्षा नको, हा मूळ आग्रह आत्याचाच. पण तीच म्हणाली, "घरचे नको म्हणत होते, तरी आपण इथं आलो. आता हिला नको म्हणणारे आपण व्हायचं?"

संध्याकाळी ती रेवाला गणित शिकवायला बसली. मला हळूच म्हणाली, "वाईट वाटतंय रे. पण शिकवीन मीच."

वेगळं जगायला निघालेल्यांच्या मुलांना चारचौघांसारखं जगावंसं वाटलं, तर तुम्ही काय कराल?